एक स्वल्पविराम नव्हता, म्हणून पन्नास लाख डॉलर

इंग्रजीच्या पेपरात स्वल्पविराम चुकला तर अर्धा मार्क जातो. कायद्यात चुकला तर काय होतं?

1872 साली अमेरिकेला आयात करातून परदेशी फळझाडं, म्हणजे 'फ्रूट-प्लांट्स', वगळायची होती. कायद्यात जोडरेघेच्या जागी स्वल्पविराम पडला. 'फ्रूट, प्लांट्स' झालं आणि झाडांबरोबर फळंही करमुक्त ठरली! 1874 मध्ये काँग्रेसला कायदा दुरुस्त करावा लागला. तोवर सरकारला सुमारे वीस लाख डॉलरचा फटका बसला होता, असं सांगतात.

पण ते सरकारचे पैसे. ओकहर्स्ट डेअरीचं प्रकरण कामगारांच्या पोटाचं आहे. मेन राज्यातल्या या डेअरीच्या ड्रायव्हरांनी 2014 मध्ये कंपनीला कोर्टात खेचलं. मागणी एवढीच, की आठवड्याला 40 तासांच्या वर काम केलं तर दीडपट पगार द्या. कंपनीने कायद्यावर बोट ठेवलं. नाशवंत मालाच्या धंद्यातल्या काही कामांना ओव्हरटाइम लागू नव्हता. कॅनिंग, प्रोसेसिंग, स्टोअरिंग अशी ती यादी, आणि शेवटी 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन'. 'शिपमेंट'नंतर स्वल्पविराम नाही.

आता मंडळी, शाळेतलं व्याकरण काढा. तिथे स्वल्पविराम असता तर डिस्ट्रिब्यूशन, म्हणजे माल पोचवणं, हे वेगळं काम धरलं गेलं असतं आणि ड्रायव्हर अडकले असते. तो नाही, म्हणून 'पाठवण्यासाठी किंवा वाटपासाठी पॅकिंग' असाही अर्थ निघतो. ड्रायव्हर पॅकिंग करतच नव्हते. शिवाय यादीतल्या प्रत्येक कामाला 'इंग' लागलंय, 'डिस्ट्रिब्यूशन'ला नाही. ते 'शिपमेंट'सारखं साधं नाम, दोन्ही 'फॉर'च्या मागे उभी.

कंपनीचा मुद्दाही पोकळ नव्हता. मेनमध्ये कायदे लिहिणाऱ्यांना सूचनाच होती, की यादीत शेवटच्या शब्दाआधी स्वल्पविराम देऊ नका. (असले नियम कोण काढतं देव जाणे!) खालच्या कोर्टात कंपनी जिंकली.

मार्च 2017 मध्ये फेडरल अपील कोर्टाने निकाल फिरवला. वाक्याचे दोन अर्थ निघतात, आणि ओव्हरटाइमचा कायदा कामगारांच्या भल्यासाठी आहे, म्हणून संशयाचा फायदा कामगारांना. 2018 मध्ये पन्नास लाख डॉलरवर तडजोड झाली.

त्याआधीच विधिमंडळाने यादीत सगळीकडे अर्धविराम टाकले आणि 'डिस्ट्रिब्यूशन'चं 'डिस्ट्रिब्यूटिंग' केलं. मागचे पैसे ड्रायव्हरांना मिळाले, पण पुढच्यांसाठी ती फट बुजली.