पुस्तक कोणाचं, पानांचा क्रम कोणाचा? : ॲना ॲटकिन्सच्या निळ्या पुस्तकाबद्दल

माझी एक मैत्रीण सध्या सह्याद्रीतल्या किल्ल्यांच्या फोटोंचं कॉफी टेबल बुक काढते आहे. स्वतःच्या पैशाने, प्रकाशक नाही. रोज रात्री तिचा मेसेज येतो : हा फोटो डाव्या पानावर घेऊ का उजव्या? मॅट कागद का ग्लॉसी? तीनशे प्रती काढू का शंभर? मी छायाचित्र-पुस्तकांच्या इतिहासावर पीएचडी करतोय म्हटल्यावर मला हे येत असणार, असं तिला वाटतं. खरं तर याच प्रश्नांमध्ये माझा सिनॉप्सिस एकदा तोंडावर आपटला होता. पेट पास होऊन विषय शोधणाऱ्यांना ती गोष्ट उपयोगी पडेल, म्हणून लिहितोय.

फोटोंनी सजलेलं पहिलं पुस्तक कोणतं, असं विचारलं की बरेच जण हेन्री फॉक्स टॅल्बटच्या ‘पेन्सिल ऑफ नेचर’चं नाव घेतात. ते १८४४ पासून भागाभागाने निघालं, लाँगमन या लंडनच्या प्रकाशकाकडून. पण त्याच्या आधी, ऑक्टोबर १८४३ मध्ये, केंट परगण्यात राहणाऱ्या ॲना ॲटकिन्स या बाईंनी ‘फोटोग्राफ्स ऑफ ब्रिटिश अल्जी’चा पहिला भाग काढून लोकांना वाटायला सुरुवात केली होती. विषय समुद्री शेवाळ. प्रकाशक नाही, छापखाना नाही, विक्रीही नाही. ओळखीच्या अभ्यासकांना आणि संस्थांना प्रती भेट म्हणून जायच्या. हे काम १८५३ पर्यंत, म्हणजे दहा वर्षं चाललं.

कारण अगदी साधं होतं. विल्यम हार्वे यांचं ब्रिटिश शेवाळांवरचं पुस्तक १८४१ मध्ये आलं होतं, पण त्यात चित्रंच नव्हती. ॲनाबाईंचा हात चित्रकलेत चांगला होता. वडील जॉन जॉर्ज चिल्ड्रेन ब्रिटिश म्युझियममध्ये काम करणारे शास्त्रज्ञ. त्यांनी लामार्कच्या शंखशिंपल्यांवरील लेखनाचं भाषांतर केलं, त्यासाठीची चित्रं हिनेच काढली होती. पण शेवाळाचे केसाहून बारीक धागे हाताने अचूक काढणं अवघड. त्यात घरच्या ओळखीतल्या जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये सायनोटाइपची कृती शोधली होती. दोन लोहक्षारांचं द्रावण कागदाला फासायचं, अंधारात वाळवायचं, वर वस्तू ठेवून उन्हात धरायचं आणि मग साध्या पाण्यात धुवायचं. ऊन लागलेला भाग निळा होतो, झाकलेला पांढरा राहतो. इंजिनिअरांची जुनी ब्लूप्रिंट ती हीच.

कॅमेरा नाही आणि निगेटिव्हही नाही. म्हणजे प्रत्येक प्रतीतलं प्रत्येक पान पुन्हा उन्हात बनवायचं! पूर्ण संचात चित्रांची ३८९ पानं आणि मजकुराची १४. समजा बाराच पूर्ण प्रती धरल्या, तरी नुसती चित्रं ४,६६८ होतात, आणि तीही इंग्लंडच्या उन्हात. मजकुरासाठी खिळेही जुळवलेले नाहीत. पारदर्शक केलेल्या कागदावर बाईंनी हाताने लिहिलं आणि तोच कागद उन्हात छापला. शेवाळाचं लॅटिन नाव लिहिलेली चिठ्ठी नमुन्याशेजारी ठेवली की नाव आणि चित्र एकाच वेळी उमटायचं. अक्षर आणि चित्र एकाच निळ्यात बसवणारी ही मांडणी आजच्या डिझायनरलाही हेवा वाटावा अशी आहे.

आता माझी फजिती. एका परदेशी ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर या पुस्तकाची डिजिटल प्रत मिळाली. मी ती दोन महिने पानापानाने पाहिली आणि सिनॉप्सिसमध्ये जोरात लिहून टाकलं : लांब पट्ट्यांच्या शेवाळानंतर नाजूक जाळीदार शेवाळ ठेवून ॲटकिन्स वाचकाची नजर कशी खेळवते, वगैरे. चांगली तीन पानं. गाईड मॅडमनी वाचलं आणि एवढंच विचारलं, “ही कोणाची प्रत?”

मला प्रश्नच कळला नाही. पुस्तक म्हणजे पुस्तक ना!

मग शोधायला लागलो. पुस्तक बांधून जातच नव्हतं. काही काही महिन्यांनी सुट्या पानांचे भाग जायचे. पानं कशी लावायची याच्या सूचना सोबत असायच्या, काही जुनी पानं काढून नवी घालायची असायची. शिवायचं आणि बांधायचं काम घेणाऱ्याकडे. कोणी सूचना पाळल्या, कोणी नाही. त्यामुळे आज माहीत असलेल्या प्रतींपैकी दोन प्रती तंतोतंत सारख्या नाहीत. पानांची संख्या वेगळी, क्रम वेगळा, एकाच जातीच्या शेवाळाचा ठसाही कधी वेगळा. मी जिला ॲटकिन्सची ‘दृश्य लय’ म्हणत होतो, ती कदाचित कुठल्यातरी बाइंडरने लावलेली गड्डी होती.

तीन पानं गेली, पण प्रश्न सुधारला. आता मी विचारतो : या पुस्तकात नक्की काय तिच्या हातात होतं? पानाचा आकार, रंग, नमुन्याची जागा, अक्षर हे तिचं. क्रम आणि बांधणी यांबद्दल ती फक्त सांगू शकत होती. या दोन गोष्टी वेगळ्या केल्याशिवाय ‘डिझाइन’ हा शब्द वापरायचा नाही, असं मी ठरवलंय.

‘स्वतः प्रकाशित’ हा शब्दही जरा तपासून घ्यावा लागला. नवरा जॉन पेली ॲटकिन्स वेस्ट इंडिजशी व्यापार करणारा लंडनचा व्यापारी. तो व्यापार अनेक वर्षं गुलामांच्या श्रमावर उभा होता. दहा वर्षं पुस्तक फुकट वाटायची ऐपत येते कुठून, हे प्रकरणात लिहावंच लागेल. आणि एवढे कागद फासले, धुतले, वाळवले ते एकट्या बाईंनीच का? घरातल्या नोकरमाणसांचे हात लागले असणार, हा माझा तर्क. तर्क म्हणूनच लिहिणार आहे.

बाईंनी प्रस्तावनेखाली पूर्ण नावसुद्धा घातलं नव्हतं, फक्त ‘ए. ए.’. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ग्लासगोच्या विल्यम लँग या संग्राहकाने त्याचा अर्थ ‘ॲनॉनिमस ॲमॅच्युअर’, म्हणजे कोणी अनामिक हौशी, असा लावला होता. माझ्या बाइंडरसारखीच चूक. समोर जे दिसतं, त्यात आपल्याला हवं ते वाचायचं.

सध्या माझ्या लॅपटॉपवर एक एक्सेल शीट आहे. एका ओळीत एक प्रत. रकाने : मूळ कोणाला दिली, आज कुठे आहे, किती पानं, कोणी बांधली. रॉयल सोसायटीची, ब्रिटिश लायब्ररीची, हर्शेलला दिलेली आणि आज न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत असलेली, ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमची. शेवटच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी अजून प्रश्नचिन्हच आहे. मैत्रिणीला हे सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, “ते राहू दे, मी पानांवर नंबर टाकतेय. राजगड डावीकडे ना?”