चार पट्ट्या आणि एक स्टिअरिंग

आजचा विषय मला आमच्या सोसायटीच्या गेटवर मिळाला.

महादेवपुऱ्यात पहाटे साडेतीनला दोन प्रकारची माणसं जागी असतात. एक माझ्यासारखे, ज्यांची पलटणीतली सवय सुटत नाही. दुसरे विमान कंपन्यांत काम करणारे. 2008 च्या मे महिन्यात जुन्या एचएएल विमानतळावरची प्रवासी विमानं देवनहळ्ळीला गेली, तेव्हापासून इथल्या लोकांना विमान गाठायला अर्ध्या रात्री निघावं लागतं.

गेटवर कोल्हापूरकडची एक मुलगी गाडीची वाट बघत होती. केबिन क्रूमध्ये आहे. मी विचारलं, "काय गं, झोप झाली का?"

ती म्हणाली, "काका, झोपेचं पायलटना विचारा. बाहेरगावी मुक्काम असला की त्यांना स्वतंत्र खोली, आम्हाला दोघींत एक. दुसरीचा अलार्म दोनला वाजला की माझीही रात्र संपली."

तक्रार एका खोलीची आहे, पण तिच्यामागे मोठा इतिहास आहे.

15 ऑक्टोबर 1932 ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला उतरले, तेव्हा त्या छोट्या पस मॉथ विमानात ते एकटेच होते. सवलतींवरून भांडायला दुसरं कोणी नव्हतंच. पुढे विमानं मोठी झाली आणि कामं वाटली गेली. 1953 मध्ये राष्ट्रीयीकरण झालं. परदेशी उड्डाणांसाठी एअर इंडिया आणि देशांतर्गत उड्डाणांसाठी इंडियन एअरलाइन्स अशी दोन महामंडळं उभी राहिली. वैमानिक, केबिन क्रू, अभियंते, जमिनीवरचे कर्मचारी, प्रत्येकाची संघटना वेगळी, करार वेगळा, भत्ता वेगळा.

या वेगळेपणाची किंमत आधी कोणी मोजली? हवाई सुंदरींनी. एअर इंडियाच्या नियमानुसार त्यांनी 35 व्या वर्षी निवृत्त व्हायचं. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तरी नोकरी गेली, आणि पहिल्या गरोदरपणात तर गेलीच. मुदतवाढ द्यायची की नाही, हे व्यवस्थापकीय संचालकांच्या मर्जीवर. त्याच विमानात काम करणारे पुरुष सहायक फ्लाइट पर्सर मात्र 58 पर्यंत नोकरीत. नर्गेश मिर्झा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1981 मध्ये गरोदरपणाची अट आणि संचालकांची मर्जी रद्द केली. पण लग्नाची अट ठेवली, आणि हे दोन वेगळे संवर्ग आहेत, म्हणून त्यांना वेगळे नियम चालतील, असंही म्हटलं.

"वेगळा संवर्ग, वेगळे नियम" हे वाक्य लक्षात ठेवा. 2007 मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांचं विलीनीकरण झालं. कागदावर घर एक, चुली दोन. एप्रिल 2011 च्या शेवटी जुन्या इंडियन एअरलाइन्सचे वैमानिक समान वेतनासाठी दहा दिवस संपावर गेले. पुढच्या वर्षी पाळी दुसऱ्या बाजूची. नव्या ड्रीमलायनरचं प्रशिक्षण इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनाही मिळणार, म्हणून जुने एअर इंडियाचे वैमानिक मे ते जुलै 2012 असे 58 दिवस कामावर आले नाहीत. त्यांची बाजूही ऐकायला हवी. ही विमानं विलीनीकरणाआधीच, 2006 मध्ये एअर इंडियासाठी मागवलेली होती, आणि आपली बढती मागे पडेल ही त्यांची भीती खोटी नव्हती. पण त्याच काळात कंपनीत सगळ्यांचेच पगार थकत होते. सामान चढवणारा आणि तिकीट तपासणारा आपल्या हक्काचा पगार मागत असताना डाव्या सीटचा हक्क हा देशाचा प्रश्न झाला होता. खालच्यांच्या मनात अढी बसली ती अशी.

मग वैमानिकाच्या सगळ्या सवलती चैनीच्या आहेत का? अजिबात नाही. 22 मे 2010, मंगळूर. दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान सकाळी धावपट्टी सोडून दरीत गेलं, 158 माणसं दगावली. चौकशीत दोन गोष्टी पुढे आल्या. कॅप्टन प्रवासातला बराच वेळ झोपलेले होते आणि झोपेचा अंमल उतरला नव्हता. आणि सह-वैमानिकाने उतरणं सोडून पुन्हा वर घ्यायला सांगितलं, तरी विमान उतरवलं गेलं. पहिली गोष्ट सांगते की वैमानिकाची झोप प्रवाशांच्या जिवाशी बांधलेली आहे. दुसरी सांगते की चार पट्ट्यांपुढे तीन पट्ट्यांचा आवाज पोचत नाही.

मग बिनपट्ट्यांचा आवाज कुठे पोचणार? जानेवारी 1989 मध्ये इंग्लंडात केगवर्थजवळ एक बोइंग पडलं. बिघाड डाव्या इंजिनात होता, वैमानिकांनी बंद केलं उजवं. मागच्या काही प्रवाशांनी आणि केबिन क्रूने डावीकडच्या ज्वाळा पाहिल्या होत्या. ते कॉकपिटला कोणीच सांगितलं नाही. 47 माणसं गेली.

आता माझी कबुली. 1988 मध्ये मी कॅप्टन होतो, खांद्यावर तीन तारे. हिवाळ्यात डोंगराळ भागात जोंगा घेऊन निघालो आणि रात्री ट्रान्झिट कॅम्पला थांबलो. मला खोली, बुखारी, गरम पाणी. ड्रायव्हर सांगली जिल्ह्यातला नाईक. इंजिन गोठू नये म्हणून तो दर दोन तासांनी उठून गाडी सुरू करत राहिला. सकाळी एका वळणावर त्याची मान खाली गेली आणि पुढचं चाक कड्याच्या काठावर थांबलं. मी ओरडलो, "झोप झाली नव्हती तर सांगितलं का नाहीस?" तो म्हणाला, "साहेबांना कसं सांगायचं?"

त्या रात्री झोपेची गरज स्टिअरिंग धरणाऱ्याला होती. ती मिळाली खांद्यावरच्या ताऱ्यांना. नियमाप्रमाणे सगळं बरोबर होतं, आणि आम्ही दोघं दरीत जाणार होतो.

म्हणून सवलतींच्या वादात मी एकच प्रश्न विचारतो. ही सवलत पट्ट्यांना आहे की स्टिअरिंगला? वैमानिकाची विश्रांती स्टिअरिंगची आहे. तिला कोणी हात लावू नये. पण केबिन क्रूच्या हातातही एक स्टिअरिंग असतं, विमानाच्या दाराचं. निम्मी दारं बंद धरून भरलेलं विमान 90 सेकंदांत रिकामं होतं, हे दाखवल्याशिवाय प्रवासी विमानाला मान्यता मिळत नाही. ते 90 सेकंद केबिन क्रूचे असतात. चहाचा ट्रे हे त्यांचं जोडकाम आहे. मग दोन वाजता मोडलेली झोप ही सुरक्षिततेची बाब नाही का?

हे मी त्या मुलीला सांगितलं. ती हसली. म्हणाली, "काका, हे मला पटलंय. आमच्या साहेबांना कोण सांगणार?"

1988 मधला माझा ड्रायव्हर हेच म्हणाला होता. एवढ्यात तिची गाडी आली.