वायंगणाचं पाणी

आमच्या आजोबांच्या आठवणीतली मायनिंग पाट्यांची होती. गोव्यातल्या डिचोली भागात डोंगर पहारीने फोडायचे आणि बायामाणसं खनिजाच्या पाट्या डोक्यावरून वाहून नेत, मांडवीकाठी बार्जमध्ये रिकाम्या करत. संध्याकाळी अंग धुतलं की मोरीतून तांबडं पाणी जाई. खाणींची कन्सेशन पोर्तुगीजांनी दिलेली, गिऱ्हाईक १९५० नंतर मुख्यतः जपान. रोख मजुरी हातात पडू लागली ती तेव्हापासून, आणि याबद्दल आजोबा शेवटपर्यंत खाणीचे ऋणी राहिले. गोवामुक्तीनंतर १९६३ मध्ये भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले, तेही खाणमालकच. त्यांच्या सरकारने गावोगावी मराठी शाळा काढल्या. आजोबांच्या हिशेबात या सगळ्याची बेरीज एकच होती, फायद्याची.

आजीचा हिशेब वेगळा. ती वायंगणाचं सांगायची. पावसाळी पीक निघालं की झऱ्याच्या पाण्यावर दुसरं भात व्हायचं, ते वायंगण. एक टन खनिजासाठी दोन-तीन टन माती बाजूला टाकावी लागते. तिचे डंप पावसात शेतात उतरले. तो गाळ वाळला की असा कडक व्हायचा, की भाताचं मूळ आत शिरत नसे. खाणीचे खड्डे भूजलाच्या खाली गेले, पंप रात्रंदिवस चालले, आणि झरे आटले. लईराई देवीच्या शिरगावात विहिरींची तीच गत झाली.

पुढे चीनची मागणी आली. टाकून दिलेलं हलकं खनिजही विकलं जाऊ लागलं, घराघरात कर्जाचे ट्रक आले. २०१२ मध्ये बेकायदा खाणकामावरच्या शाह आयोगाच्या अहवालानंतर खाणी बंद पडल्या. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजचं मधल्या काळात झालेलं नूतनीकरण रद्द केलं. ट्रक दारात उभे राहिले, हप्ते थांबले नाहीत. शेताकडे परतावं तर शेत उरलं नव्हतं. इतकी वर्षं खनिज गेलं, पण आमोण्याचा लोखंडाचा कारखाना सोडला तर त्याचं लोखंड बहुतेक परदेशातच बनलं. डोंगर आमचा होता, त्यावर उभा राहिलेला धंदा दुसऱ्यांचा, हे मला आजही सलतं.

२०१४ च्या निकालात न्यायालयाने खनिजविक्रीचा दहा टक्के वाटा पुढच्या पिढ्यांसाठी कायम निधीत ठेवायला सांगितला. आता लिलाव होऊन खाणी पुन्हा सुरू होत आहेत. खाणपट्ट्यातल्या वाचकांनी ग्रामसभेत दोन गोष्टी लेखी मागाव्यात: त्या निधीतून आपल्या गावाला काय मिळालं, आणि नव्या खड्ड्याची माती व पाणी कुठे जाणार.