भाडे बांधलेले, ताट मोकळे

१९५८ साली अटलांटिक ओलांडणाऱ्या बड्या विमान कंपन्यांमध्ये जुंपली ती सँडविचवरून. त्या वर्षीच्या १ एप्रिलपासून या मार्गावर ‘इकॉनॉमी’ हा नवा स्वस्त वर्ग सुरू झाला. भाडे सगळ्यांचे एकच, कारण ते कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, आयाटाने, ठरवून दिलेले. या वर्गातल्या प्रवाशाला रीतसर जेवण द्यायचे नाही, साधे, थंड आणि स्वस्तातले सँडविच द्यायचे, असा नियमही सोबत आला. अमेरिकेच्या पॅन अ‍ॅमने तो काटेकोर पाळला. स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सने मात्र आपल्या देशी पद्धतीप्रमाणे पावाच्या एकाच कापावर मांस, मासे, चीज रचून भरगच्च थाळ्या वाटल्या, आणि युरोपातल्या इतर काही कंपन्यांनीही हात सैल सोडला. पॅन अ‍ॅमने तक्रार केली, प्रकरण आयाटापुढे गेले, आणि स्कँडिनेव्हियन कंपनीला वीस हजार डॉलरचा दंड झाला. हा प्रसंग आज गमतीचा म्हणून सांगितला जातो. मला तो विमानातल्या जेवणाच्या इतिहासातला सर्वांत बोलका पुरावा वाटतो. पावावर किती मांस ठेवायचे यावर संघटनेला खटला चालवावा लागला, कारण भाडे बांधले गेल्यावर गिऱ्हाईक ओढायला कंपन्यांच्या हातात ताटाखेरीज फारसे काही उरले नव्हते. महागड्या वर्गातले जेवण कधी उत्तम होते आणि कधी उतरले, याचे उत्तर स्वयंपाकघरात थोडे आणि तिकिटाच्या नियमांत जास्त सापडते, असे माझे म्हणणे आहे.

अगदी सुरुवातीच्या काळाला हे लागू होत नाही. १९१९ मध्ये लंडन-पॅरिस मार्गावर हँडली पेज कंपनीने तीन शिलिंगांना जेवणाचा डबा विकला, तेव्हा विमानात चूल तर नव्हतीच, केबिन धड उबदारही नव्हती. पुढे १९२० च्या दशकाअखेर युरोपातल्या कंपन्यांनी विमानात वाढपी नेले, १९३६ मध्ये अमेरिकेच्या युनायटेड एअरलाइन्सने ओकलंडला स्वतःचे स्वयंपाकघर उघडले. पण त्या काळात विमान हीच नवलाई होती आणि भिणाऱ्या प्रवाशाचे मन रमवणे हा जेवणाचा मुख्य हेतू. ताटावरून चुरस लागली ती दुसऱ्या महायुद्धानंतर.

१९४५ मध्ये हवाना येथे आयाटाची स्थापना झाली आणि आंतरराष्ट्रीय मार्गांवरची भाडी सदस्य कंपन्यांनी एकत्र बसून ठरवायची, मग सरकारांनी त्यांवर शिक्का मारायचा, अशी पद्धत रूढ झाली. अमेरिकेच्या देशांतर्गत मार्गांवर हेच काम १९३८ पासून सरकारी मंडळ करत होते. भाडे खर्चाच्या बरेच वर ठरले की प्रत्येक जादा प्रवासी घसघशीत नफा देतो. तो प्रवासी शेजारच्या कंपनीकडून ओढायचा तर किंमत उतरवता येत नाही. मग त्याच्यासाठी खर्च वाढवायचा, आणि समोरचाही तेच करतो. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज डग्लस आणि जेम्स मिलर यांनी १९७४ च्या आपल्या ग्रंथात हेच मांडले: नियंत्रित भाड्यांमुळे कंपन्या श्रीमंत झाल्या नाहीत, कारण तो नफा सेवेच्या स्पर्धेत जिरून गेला. प्रवाशाच्या बाजूने पाहिले तर जिरलेल्या नफ्यातला एक भाग त्याच्या ताटात पडत होता. ब्रिटिश कंपनीच्या स्ट्रॅटोक्रूझर विमानांतली लंडन-न्यूयॉर्क ‘मोनार्क’ सेवा, पॅन अ‍ॅमचे पॅरिसच्या मॅक्सिम्स उपाहारगृहाशी जोडलेले प्रथम वर्गाचे जेवण, आणि पुढे जेट विमानांत आसनापाशी ट्रॉली आणून प्रवाशासमोर भाजलेल्या मांसाचे काप करून वाढण्याची रीत, ही सारी त्या व्यवस्थेची फळे आहेत. ते वाढणारे कुशल होते, पण त्यांच्या कौशल्यावर पैसा ओतायला कंपनीला भाग पाडले होते ते भाड्याच्या कोष्टकाने.

या म्हणण्याची खरी कसोटी आपल्याच घरात झाली आहे. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून लंडनला निघाले, तेव्हा कंपनीकडे विमाने मोजकी होती, आणि समोर ब्रिटिश, अमेरिकी, डच कंपन्या उभ्या होत्या. त्यांच्याहून स्वस्त तिकीट विकण्याची मुभा नव्हती. उरला आदरातिथ्याचा रस्ता, आणि अध्यक्ष जे. आर. डी. टाटांनी तो विलक्षण बारकाईने धरला. प्रवास करताना ते टिपणे काढत. जिनिव्हाहून चढवलेला चहा रंगाने कॉफीसारखा दिसतो, अशी तक्रारसुद्धा अध्यक्षांच्या अहवालात येई. महाराजाचे चित्र, केबिनची सजावट, साडीतल्या परिचारिका आणि जेवण या सगळ्यांनी मिळून एका छोट्या कंपनीला मोठ्यांच्या पंगतीत बसवले. १९७४ मध्ये ताज समूहाने मुंबईत विमानांसाठी स्वतंत्र स्वयंपाकघर उभारले, तेही याच परंपरेच्या आधाराने. आता त्याच देशातले दुसरे चित्र पाहा. १९५३ च्या कायद्याने हवाई वाहतूक राष्ट्रीयीकृत झाली आणि देशातले मार्ग इंडियन एअरलाइन्सकडे आले. सरकार तेच, स्वयंपाकी याच शहरांतले, भाडेही तसेच बांधलेले. पण समोर प्रतिस्पर्धी नाही. चार दशके या कंपनीचीच मक्तेदारी चालली, तिने देशाची मोठी सेवा केली, पण जेवणासाठी ती कधी नावाजली गेली नाही. म्हणजे नुसते भाडे बांधल्याने ताट सुधारत नाही. भाडे बांधलेले हवे आणि शेजारी दुसरे विमानही उभे हवे. १९९३ मध्ये मुंबईतून जेट एअरवेज उडू लागली आणि वर्षभरात मक्तेदारीचा कायदा रद्द झाला, तेव्हा नव्या कंपनीने गिऱ्हाईक मिळवले ते वक्तशीरपणा, अदब आणि गरम जेवण यांवर. २००३ मध्ये एअर डेक्कनने भाडेच खाली आणले आणि विमानातले खाणे विकत घ्यायची वस्तू झाली. जगाने पन्नास वर्षांत जे पाहिले ते भारतीय प्रवाशाने जेमतेम दहा वर्षांत पाहिले.

यावर सिंगापूर एअरलाइन्सचे उदाहरण कोणी पुढे करील. १९७२ मध्ये स्वतंत्र झालेली ही कंपनी त्या काळी आयाटाची सदस्य नव्हती, म्हणजे तिच्यावर संघटनेच्या सेवानियमांचे बंधन नव्हते. तरीही तिने स्वस्ताई सोडून जेवणावर भर दिला, साध्या वर्गातही फुकट पेये आणि दोनांतून एक पदार्थ निवडायची सोय दिली. मला हे उदाहरण उलट बाजूने जाते असे वाटत नाही. तिकिटाचे दर दोन देशांच्या सरकारांमधल्या करारांनी जखडलेले होते, त्यामुळे परक्या विमानतळावर उतरायचे तर भाव फार पाडता येत नव्हता. ताटावरचे बंधन मात्र फक्त संघटनेतल्यांना होते. सँडविचच्या प्रकरणात ज्या बेडीने युरोपीय कंपन्या अडकल्या, ती सिंगापूरच्या पायात नव्हती, एवढाच फरक. आशियाई कंपन्यांच्या आतिथ्याची जी कीर्ती आपण संस्कृतीच्या खात्यावर मांडतो, तिचा काही हिस्सा या मोकळ्या जागेचा आहे.

ऑक्टोबर १९७८ मध्ये अमेरिकेने देशांतर्गत भाडी मुक्त केली आणि हळूहळू जगही त्या वाटेने गेले. त्याच सुमारास पूर्ण भाडे भरणाऱ्या व्यावसायिक प्रवाशासाठी वेगळी केबिन निघाली, तीच पुढची बिझनेस क्लास. साध्या वर्गाचे जेवण किमतीच्या स्पर्धेत झिजत गेले. अमेरिकन एअरलाइन्सने सॅलडमधले एक ऑलिव्ह काढून वर्षाला हजारो डॉलर वाचवल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. वरच्या केबिनची गोष्ट इतकी सरळ नाही. तिथे पैसा आटला नाही, त्याने जागा बदलली. १९९५ मध्ये ब्रिटिश एअरवेजने प्रथम वर्गात आणि २००० मध्ये बिझनेस क्लासमध्ये पूर्ण आडवा होणारा पलंग आणला. तेव्हापासून महागड्या तिकिटाचा प्रवासी प्रामुख्याने झोप विकत घेतो. रात्रीच्या उड्डाणात त्याला तासभर चालणारी पंगत नको असते, म्हणून कंपन्या विमानतळावरच्या लाउंजमध्ये जेवून घ्या, असे सुचवतात. एका पलंगाला पूर्वीच्या दोन खुर्च्यांची जागा लागते, विमानातल्या स्वयंपाकाच्या जागेवर, म्हणजे गॅलीवर, तिचा ताण येतो, आणि प्रवाशासमोर मांस कापणारी ट्रॉली त्या अरुंद बोळात फिरायची कशी?

या बदलात ताटाला मिळाली ती निवड. मेनूकार्ड लांबले, ‘हवे तेव्हा जेवा’ ही सोय आली, आणि १९९८ पासून सिंगापूर एअरलाइन्सच्या ‘बुक द कुक’मध्ये निघण्याआधी २४ तास घरबसल्या पदार्थ मागवता येऊ लागला. निवड आणि गुणवत्ता यांची गल्लत इथेच होते. विमानात चार पदार्थांपैकी एक निवडायला सांगितले की प्रत्येक पदार्थाच्या किती थाळ्या चढवायच्या याचा अंदाज बांधावा लागतो. अंदाज चुकला की शेवटच्या रांगेला उरलेले घ्यावे लागते, आणि उरलेले टाकावे लागते. एअर इंडियाने २०१७ मध्ये देशांतर्गत इकॉनॉमीत फक्त शाकाहारी जेवण ठेवले, तेव्हा खर्च आणि नासाडी हीच कारणे दिली होती. मेनूवर चार पदार्थ असले म्हणजे प्रत्येकावर चौपट मेहनत झालेली नसते. स्वयंपाकघराचे लक्ष चार ठिकाणी वाटले जाते. आधी मागवण्याची पद्धत मात्र वेगळी, आणि मला ती मनापासून पटते, कारण तिच्यात अंदाज उरत नाही. ही कल्पना नवी नाही, हे लक्षात ठेवावे. जैन, हिंदू, कोशर, मुस्लिम जेवणासाठी आरक्षणाच्या यंत्रणेत प्रत्येकी चार अक्षरांचे संकेत कित्येक वर्षे आधीपासून होते, आणि ती थाळी प्रवाशाच्या नावाने, आसनक्रमांकासह, सर्वांआधी येत असे. कांदा-लसूण-बटाटा वर्ज्य असणाऱ्या प्रवाशाला साध्या वर्गात जी काळजी मिळत होती, तीच पुढे श्रीमंत केबिनमध्ये विशेष सोय म्हणून मिरवली गेली.

सर्वांत वजनदार आक्षेप विज्ञानाचा आहे. केबिनमधला दाब सहा ते आठ हजार फुटांवरच्या हवेइतका, आर्द्रता बहुधा वीस टक्क्यांखाली, नाक कोरडे, इंजिनाची घरघर अखंड. २०१० च्या सुमारास लुफ्तान्सासाठी जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेने जमिनीवरच्या एका विमानाच्या सांगाड्यात दाब उतरवून प्रयोग केले. तिथे मिठाची चव वीस ते तीस टक्के, तर साखरेची पंधरा ते वीस टक्के मंद झालेली आढळली. कॉर्नेल विद्यापीठातल्या २०१५ च्या प्रयोगात मोठ्या आवाजाने गोडी दबते आणि उमामी, म्हणजे टोमॅटो-मशरूमसारख्यांचा मांसल स्वाद, उठून दिसतो असे निघाले. मग दोष भाड्याचा कसा, निसर्गाचाच नाही का? निसर्गाची अडचण मी नाकारत नाही. पण ती १९५५ मध्येही होती, आणि पिस्टन इंजिनांच्या त्या विमानांत आवाज आणि हादरे आजच्यापेक्षा जास्त होते. हवा एवढेच सांगते की वर काय शिजवू नये. १९७३ मध्ये फ्रेंच कंपनी यूटीएने शेफ रेमों ऑलिव्हेर यांना सल्ला विचारला, तेव्हा त्यांनी वाइनमधले गोमांस, कोंबडीचे कोक ओ व्हँ, सायीच्या सॉसमधले वासराचे मांस अशा रसातल्या पदार्थांवर भर दिला. जमिनीवर अर्धेअधिक शिजवून झटपट गार करायचे, पाच अंशांखाली ठेवायचे आणि वर ओव्हनमध्ये पुन्हा तापवायचे, या चक्रातून कोरडा स्टेक तगत नाही, रस्सा तगतो. आदल्या दिवशीची आमटी मुरून जास्त चांगली लागते, हे मराठी घराला समजवायला प्रयोगशाळा लागत नाही. आमसूल, चिंच, टोमॅटो, खोबऱ्याचे वाटण, गरम मसाला घातलेले आपले पदार्थ त्या मंदावलेल्या जिभेसाठी जणू बेतलेलेच आहेत. तरी महागड्या केबिनमध्ये वर्षानुवर्षे फ्रेंच नावांच्या कोरड्या कापांना मान राहिला. हा दोष हवेच्या दाबाचा नव्हे, प्रतिष्ठेच्या कल्पनेचा.

दुसरा आक्षेप असा की जुन्या मेनूकार्डांवरून जुन्या चवीचा निवाडा करता येत नाही. खरे आहे. छापील कार्ड खोटे बोलू शकते, आणि गोठवलेल्या तयार थाळ्या विमानातल्या ओव्हनमध्ये तापवण्याचे तंत्र १९४० च्या दशकातच आले होते, म्हणजे तो काळ निव्वळ ताज्या रांधणाचा नव्हता. शिवाय तेव्हाचे भाडे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होते. त्या भरल्या ताटाची किंमत जे कधी उडूच शकले नाहीत त्यांनीही मोजली. भाडी खुली झाली म्हणून रत्नागिरीचा किंवा लातूरचा मुलगा आखातात कामाला विमानाने जाऊ शकला, आणि त्या बदल्यात श्रीमंताची ट्रॉली गेली असेल तर मला तिची हळहळ नाही. पण म्हणून आजच्या केबिनचे दावे निमूट मान्य करायचे कारणही नाही. काही आखाती आणि आशियाई कंपन्यांच्या प्रथम वर्गात आज कॅव्हिआर आणि उंची शॅम्पेन मिळते हे खरे. तशी आसने विमानात बोटांवर मोजण्याइतकी असतात आणि ती कंपनीच्या जाहिरातीचा भाग असतात. बिझनेस क्लासच्या चाळीस-पन्नास आसनांचे काय? तिथे नामवंत शेफचे नाव कार्डावर असते, सिंगापूरच्या सल्लागार मंडळात संजीव कपूर आहेत, आणि अशा माणसांचे ज्ञान खरेच उपयोगी पडते, पण ते पदार्थाची रचना ठरवतात. प्रत्येक थाळीमागे किती रुपये खर्चायचे, गॅलीत किती ओव्हन ठेवायचे, वाढायला किती माणसे द्यायची हे ठरते दुसऱ्या खोलीत, तिकिटाच्या दराबरोबर. मुंबई-लंडनच्या रात्रीच्या विमानात पलंगाचे पैसे भरलेल्या प्रवाशाला पाच पदार्थांचे कार्ड देण्याऐवजी आधी मागवलेला एकच नीट मुरलेला पदार्थ, गरम भात आणि कुणाची तरी खरी नजर फिरलेली थाळी द्यायला कंपनीला फारसा जास्त खर्च येणार नाही. ती तो करत नाही, कारण गिऱ्हाईक तिकीट घेताना पलंगाची लांबी आणि भाडे यांची तुलना करते, आमटीची करत नाही.