केबलविना सामना : हवेतील लहरी कोणाच्या?

१.
धुळे जिल्ह्यातील शिरपूर. मुंबई-आग्रा महामार्गावरचे, तापीच्या उत्तरेचे हे तालुक्याचे गाव. येथून सातपुड्याकडे जाताना वस्ती विरळ होत जाते. पाड्यापाड्यांवर केबलची तार ओढणे कोणत्याही केबलवाल्याला परवडणारे नसते. तरीही अशा वस्त्यांतील घरांच्या छपरांवर लहानशी ‘छत्री’ दिसते आणि भारताचा एकदिवसीय सामना असला की आत टीव्हीवर तो चालू असतो. महिन्याचे शुल्क शून्य.

ही सोय कोणी उपकार म्हणून दिलेली नाही. तिच्यामागे न्यायालयातील लढाया आहेत, एक कायदा आहे आणि एक मूलभूत प्रश्न आहे : हवेतील लहरींचा मालक कोण? या धाग्यात त्या प्रश्नाचा इतिहास पाहू.

२.
प्रारंभ आवाजापासून. १९३४ साली मुंबईच्या चौरंगी स्पर्धेत बॉबी तल्यारखान यांनी रेडिओवरून क्रिकेटचे समालोचन केले. पुढे आकाशवाणीवर बाळ ज. पंडित यांनी मराठी समालोचन घरोघरी पोहोचवले. ज्याने कधी मैदान पाहिले नाही, अशा श्रोत्यालाही आपल्या भाषेत षटक आणि चौकार डोळ्यांपुढे उभे करता येऊ लागले.

मात्र तो काळ ‘फुकट’ नव्हता. रेडिओ बाळगण्यासाठी परवाना लागे आणि त्याचे वार्षिक शुल्क टपाल कार्यालयात भरावे लागे. दूरचित्रवाणी आल्यावर तिलाही तोच नियम लागू झाला. ऐंशीच्या दशकाच्या मध्यास ही परवाना पद्धत गेली, तेव्हा कुठे प्रक्षेपण खऱ्या अर्थाने निःशुल्क झाले.

३.
मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. परंतु खानदेशाला त्याचा उपयोग नव्हता. दूरचित्रवाणीच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. अंतर वाढले किंवा डोंगर आडवा आला की चित्र नाहीसे होते. मुंबई आणि तापीचे खोरे यांच्यामध्ये तर सह्याद्रीच उभा.

२५ जून १९८३ रोजी कपिलदेवच्या संघाने विश्वचषक जिंकला. छोट्या गावांपर्यंत चित्र नेणारा इन्सॅट-१बी हा उपग्रह अवकाशात गेला ३० ऑगस्ट १९८३ रोजी, म्हणजे दोन महिन्यांनी. देशाच्या बहुतांश ग्रामीण भागाने तो विजय ऐकला, पाहिला नाही. १९८४ मध्ये मात्र देशभर शंभराहून अधिक लघुशक्ती प्रक्षेपक उभे राहिले आणि छपरांवर ॲल्युमिनियमच्या काड्यांचे अँटेना दिसू लागले.

४.
या काळात दाखवणारा एकच : दूरदर्शन. याचे मूळ १८८५ च्या भारतीय तार कायद्यात होते. तारायंत्राच्या युगातील या ब्रिटिश कायद्याने संदेशवहनाचा अनन्य अधिकार सरकारकडे ठेवला होता. रेडिओ व टीव्ही हे त्याच व्याख्येत बसवले गेले.

परिणाम विचित्र होता. सामना दाखवण्याचे हक्क ही विकण्याजोगी वस्तू आहे, ही कल्पनाच रुजलेली नव्हती. उलट प्रक्षेपण व्हावे म्हणून क्रिकेट मंडळानेच दूरदर्शनला पैसे द्यावेत, असा व्यवहार होता. प्रेक्षकाला मात्र या एकाधिकाराचा एक लाभ होता : जे दिसे, ते अँटेना असलेल्या प्रत्येकाला सारखेच दिसे.

५.
१९९१ नंतर चित्र पालटले. स्टार टीव्ही आला. ऑक्टोबर १९९२ मध्ये झी आला. शहरांत मोठ्या डिश उभारून गल्लीबोळांत तारा ओढणारे केबलचालक निर्माण झाले. तार कायद्यात त्यांचा उल्लेख असणे शक्यच नव्हते. त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा १९९५ मध्ये झाला.

आता सामन्यांना दुसरा गिऱ्हाईक मिळाला होता. संघर्ष अटळ होता. तो पेटला कोलकात्यात.

६.
नोव्हेंबर १९९३. बंगाल क्रिकेट संघटनेने आपल्या हीरक महोत्सवानिमित्त ‘हीरो कप’ ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरवली आणि प्रक्षेपणाचे हक्क ट्रान्सवर्ल्ड इंटरनॅशनल या परदेशी कंपनीला विकले. सरकारने हरकत घेतली. भारतभूमीवरून परदेशी कंपनी थेट प्रक्षेपण कसे करील, हा प्रश्न होता. कंपनीची यंत्रसामग्री सीमाशुल्क विभागाने अडवून धरली. प्रकरण कलकत्ता उच्च न्यायालयात आणि तेथून सर्वोच्च न्यायालयात गेले. अखेर अंतरिम आदेशांच्या आधाराने यंत्रे सुटली आणि सामने दिसले.

२४ नोव्हेंबरच्या उपान्त्य सामन्यात ईडन गार्डन्सवर दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या षटकात ६ धावा हव्या होत्या. चेंडू सचिन तेंडुलकरच्या हाती देण्यात आला. त्याने ३ धावा दिल्या आणि भारत २ धावांनी जिंकला. ते षटक आजही आठवले जाते. पण ते घरोघरी दिसावे यासाठी कोर्टात झालेला सामना फारसा कोणाला ठाऊक नसतो.

७.
स्पर्धा संपली, खटला चालू राहिला. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. तीन न्यायमूर्तींच्या पीठात न्या. पी. बी. सावंत, न्या. एस. मोहन आणि न्या. बी. पी. जीवन रेड्डी होते. मुख्य निकालपत्र न्या. सावंत यांचे. मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेले हे मराठी न्यायमूर्ती पुढे भारतीय वृत्तपत्र परिषदेचे अध्यक्ष झाले.

निकालाचा गाभा असा : हवेतील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्या सरकारच्या खासगी मालकीच्या नाहीत आणि पैसा असणाऱ्याच्याही नाहीत. त्यांचा वापर लोकहितासाठी, स्वायत्त सार्वजनिक संस्थेच्या देखरेखीखाली व्हावा. संविधानाच्या कलम १९(१)(अ) मधील अभिव्यक्तिस्वातंत्र्यात माहिती देण्याचा जसा, तसा ती मिळवण्याचाही हक्क येतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. भांडण सरकार आणि आयोजक यांचे होते. प्रेक्षक पक्षकार नव्हता. तरीही निकालपत्राने त्याला हक्कदार म्हणून मान्यता दिली.

८.
याच प्रश्नाचे उत्तर अमेरिकेने अकरा वर्षे आधी वेगळ्या वाटेने दिले होते. तेथील विद्यापीठांचे फुटबॉल, म्हणजे अंडाकृती चेंडूचा तो खेळ, लोकप्रियतेत आपल्या क्रिकेटच्या तोडीचा. १९५० च्या दशकापासून कोणत्या संघाचे किती सामने टीव्हीवर यावेत हे एनसीएए ही मध्यवर्ती संघटना ठरवत असे. सामने घरी दिसू लागले तर मैदाने ओस पडतील, ही तिची भीती होती. जॉर्जिया आणि ओक्लाहोमा या विद्यापीठांशी निगडित संस्थांनी तिला न्यायालयात खेचले.

जून १९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी हा एकाधिकार मोडीत काढला. विरोधी मत देणारे न्या. बायरन व्हाइट तरुणपणी स्वतः विद्यापीठ फुटबॉलचे नामांकित खेळाडू होते! विद्यापीठांच्या खेळाकडे निव्वळ व्यापार म्हणून पाहू नये, असे त्यांचे म्हणणे होते.

निकालानंतर दिसणाऱ्या सामन्यांची संख्या प्रचंड वाढली, पण त्यांतील मोठा वाटा काळाच्या ओघात पैसे भरून पाहण्याच्या वाहिन्यांकडे गेला. अमेरिकन न्यायालयाने बाजारातील स्पर्धेचा विचार केला. भारतीय न्यायालयाने लहरींच्या मालकीचा. बाजार खुला झाल्यावर केबल नसलेल्या घराचे काय, हा प्रश्न मात्र दोन्ही देशांत उरला.

९.
भारतात तो लवकरच पुढे आला. १९९५ नंतर खासगी क्रीडावाहिन्या मोठ्या रकमा मोजून हक्क घेऊ लागल्या. मार्च २००४ मध्ये भारतीय संघ पाकिस्तान दौऱ्यावर गेला, तेव्हा हक्क टेन स्पोर्ट्सकडे होते. कोट्यवधी घरांत केबल नव्हती. पुन्हा न्यायालय. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर टेन स्पोर्ट्सचे चित्र दूरदर्शनवर दिसले.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये प्रसार भारतीने ‘डीडी डायरेक्ट प्लस’ ही उपग्रह सेवा आरंभली. हीच पुढे ‘डीडी फ्री डिश’ झाली. छत्री आणि सेट टॉप बॉक्स एकदा विकत घ्यायचा. नंतर मासिक शुल्क नाही. उपग्रह वरून खाली पाहतो, त्यामुळे त्याला सह्याद्री आडवा येत नाही आणि सातपुडाही नाही. जमिनीवरील प्रक्षेपकाला जे दऱ्याखोऱ्यांत जमले नव्हते, ते या छत्रीने साधले.

१०.
मग आले नागपूर. २१ जानेवारी २००७, भारत विरुद्ध वेस्ट इंडीज. पुनरागमन करणाऱ्या सौरव गांगुलीने ९८ धावा केल्या. हक्क निंबस कंपनीकडे होते आणि तिची वाहिनी होती निओ स्पोर्ट्स. दूरदर्शनशी बोलणी फिसकटल्याने हा सामना तेथे थेट दिसलाच नाही. सामना महाराष्ट्रात, पण केबल नसलेल्या महाराष्ट्राला तो अदृश्य! दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशाने नंतर सात मिनिटांच्या विलंबाने चित्र देण्याची तडजोड निघाली.

सात मिनिटे. म्हणजे शेजारच्या केबलवाल्या घरात जल्लोष झाल्यावर आपल्याकडे गोलंदाज धाव घेणार. खेळाचा जीव अनिश्चिततेत असतो. उशिरा दिसणारा सामना हा अर्धाच सामना.

११.
केंद्र सरकारने फेब्रुवारी २००७ मध्ये अध्यादेश काढला आणि मार्चमध्ये कायदा झाला. राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडास्पर्धांचे थेट चित्र, जाहिराती वगळून, प्रसार भारतीला देणे हक्कधारकावर बंधनकारक झाले. दूरदर्शनवरील जाहिरातींच्या उत्पन्नाचे वाटप ठरले ७५:२५. मोठा वाटा हक्कधारकाचा. रेडिओसाठी ५०:५०. म्हणजे कायद्याने कोणाची मालमत्ता हिरावली नाही. तिच्यावर एक सार्वजनिक दायित्व ठेवले. शेतातून पूर्वापार वाट जात असेल, तर शेत मालकाचेच राहते, पण वाट बंद करता येत नाही. तसेच हे.

यादीत केवळ क्रिकेट नाही. ऑलिंपिक, आशियाई व राष्ट्रकुल क्रीडास्पर्धाही आहेत. भारताचे एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी सामने याच कायद्यामुळे फ्री डिशवर दिसतात. आयपीएल मात्र या यादीत नाही.

१२.
आता कथेतील सर्वांत अनपेक्षित वळण. केबलचालकांना दूरदर्शनच्या वाहिन्या दाखवणे कायद्याने सक्तीचे आहे. त्यामुळे दूरदर्शनला मिळालेला सामना केबलवरही आपोआप फुकट दिसू लागला. ज्या वाहिन्यांनी पैसे मोजले होते, त्यांनी हरकत घेतली.

२२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला : कायद्यानुसार मिळालेले चित्र प्रसार भारतीने केवळ स्वतःच्या जमिनीवरील प्रक्षेपकांवरून आणि स्वतःच्या उपग्रह सेवेवरून दाखवावे; केबल व खासगी डीटीएच त्यात येत नाहीत.

म्हणजे हिशेब उलटा झाला. शहरात महिन्याला शुल्क भरणाऱ्या घराला तोच सामना पाहण्यासाठी क्रीडावाहिनीचे वेगळे पैसे द्यावे लागतात आणि पाड्यावरील फ्री डिशच्या घराला तो विनाशुल्क दिसतो. हे अन्यायकारक वाटेल, परंतु निकालाचे तर्कशास्त्र स्पष्ट होते. सवलत ज्याच्याकडे दुसरा मार्ग नाही त्याच्यासाठी आहे. २०१८ मध्ये ही मर्यादा सैल करणाऱ्या दुरुस्तीचा मसुदा सरकारने मांडला. त्याचा कायदा झाला नाही.

१३.
दरम्यान दूरदर्शनचे जमिनीवरील बहुतेक जुने प्रक्षेपक बंद झाले. ॲल्युमिनियमच्या काड्यांचा अँटेना इतिहासजमा झाला. आज ‘विनाशुल्क’ या शब्दाचा व्यवहारातील अर्थ आहे फ्री डिश. ती देशातील चार कोटींहून अधिक घरांत असल्याचा अंदाज आहे.

मात्र प्रेक्षक आता वेगाने मोबाइलवर जात आहे. १९ नोव्हेंबर २०२३ च्या विश्वचषक अंतिम सामन्याच्या वेळी हॉटस्टारवर एकाच क्षणी ५.९ कोटी प्रेक्षक होते. मोबाइलवर तो फुकट होता. त्याच वर्षी आयपीएलही जिओसिनेमावर फुकट होते. २०२५ मध्ये मात्र जिओहॉटस्टारवर आयपीएल पूर्ण पाहण्यासाठी सदस्यत्व किंवा ठराविक रिचार्ज आवश्यक झाले. कंपनीने दिलेले फुकट कंपनी परत घेऊ शकते. कायद्याने दिलेले तसे घेता येत नाही. या दोन ‘फुकटां’तील भेद इतिहासाच्या अभ्यासकाने कधीही विसरू नये.

१४.
२००७ चा कायदा लिहिला गेला तेव्हा त्याच्यापुढे केबल, डीटीएच आणि रेडिओ होते. चित्र देण्याच्या त्याच्या बंधनात इंटरनेटवरील थेट प्रक्षेपणाचा समावेश नाही. १८८५ च्या तार कायद्याला जसा उपग्रह ठाऊक नव्हता, तसा या कायद्याला मोबाइल ठाऊक नाही. १९९३ मध्ये ही दरी भरून काढायला एक खटला लागला होता.

उद्या एखादा मोठा सामना केवळ इंटरनेटवर आला, तर सातपुड्याच्या पायथ्याच्या घराचा हक्क कोणत्या कलमात शोधायचा? तेथील छत्रीवर येणारे चित्र १९९५ च्या एका तत्त्वावर आणि २००७ च्या एका कायद्यावर उभे आहे. तत्त्व सांगते की लहरी सर्वांच्या आहेत. पण ऑप्टिकल फायबरची तार आणि दूरच्या सर्व्हरवरील चित्र यांना ते तत्त्व लागू करण्याचे काम अजून झालेले नाही. ते तुमच्या पिढीकडे आले आहे.