बुधवार वाड्यातलं पुस्तकघर

पुणे नगर वाचन मंदिराचं जन्मनाव 'पूना नेटिव्ह जनरल लायब्ररी'. साल १८४८. पेशवाई जाऊन तीस वर्षं झाली होती, वाडे होते पण त्यांतले दरबार उठले होते. दुसऱ्या बाजीरावाच्या बुधवार वाड्यात इंग्रजांची कामकाजं चालत, आणि त्याच वाड्यात हे ग्रंथालय नांदू लागलं.

त्यामागची खटपट गोपाळ हरी देशमुखांची, म्हणजे लोकहितवादींची. सरकारी नोकरीतला, नुकती पंचविशी गाठलेला हा पुणेकर. हेन्री ब्राऊन या इंग्रज अधिकाऱ्याला अध्यक्ष करून पुस्तकं जमवली गेली. अशा 'नेटिव्ह' लायब्रऱ्या तोवर रत्नागिरी (१८२८), अहमदनगर (१८३८), नाशिक (१८४०) इथे निघाल्या होत्या. तेव्हा पहिलेपणाचा मान पुण्याचा नाही. पुण्याचं वेगळेपण मला दिसतं ते त्या एका वर्षात काय काय एकवटलं यात. त्याच १८४८मध्ये 'प्रभाकर'मधून लोकहितवादींची शतपत्रं छापून येऊ लागली आणि बुधवार पेठेतच, भिडे वाड्यात, जोतीराव फुल्यांची मुलींची शाळा भरली. पुढच्याच वर्षी 'ज्ञानप्रकाश' निघाला. सुमारे ७३ हजार वस्तीच्या त्या गावात वाचायला शिकणं, वाचायला मिळणं आणि वाचलेल्यावर भांडणं, तिन्ही गोष्टी जवळजवळ एकाच वेळी सुरू झाल्या. अर्थात शाळेच्या आणि लायब्ररीच्या दारांत सारखीच माणसं शिरत नव्हती. लायब्ररी बराच काळ शिकल्यासवरल्या पुरुषांची राहिली, हे विसरून तिचं कौतुक करू नये.

वाचणारे जमले की बोलणारेही जमतात. १८७५मध्ये न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली. ११ मे १८७८ रोजी हिराबागेत मराठी ग्रंथकारांचं पहिलं संमेलन भरलं. त्याचं आवाहन रानडे आणि लोकहितवादी या दोघांनी 'ज्ञानप्रकाश'मधून केलं होतं. पुस्तकं गोळा करणाऱ्या माणसाने तीस वर्षांनी ती लिहिणाऱ्यांनाच गोळा केलं, ही मला या सगळ्या हकिकतीतली सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

आणि वर्षभरातच, मे १८७९मध्ये, बुधवार वाड्याला आग लागली. वासुदेव बळवंत फडक्यांच्या इंग्रजांविरुद्धच्या बंडाचे ते दिवस. संशय आधी तिकडेच गेला. वाडा गेला, ग्रंथालयाचं घर गेलं. संस्था मात्र उरली, कारण ती वाड्याची नव्हती, सभासदांची होती. आज ती त्याच बुधवार पेठेत, लक्ष्मी रस्त्यालगत आहे.

हे सभासदांचं असणं महाराष्ट्राने पुढे कायद्यातही जपलं. मद्रासने १९४८मध्ये कायदा करून ग्रंथालयांसाठी कर बसवला. आपल्याकडच्या १९६७च्या कायद्याने कर न लावता, गावोगावच्या मंडळींनी चालवलेल्या वाचनालयांनाच मान्यता आणि अनुदान दिलं. अ, ब, क, ड असे वर्ग पाडले. अनुदान तुटपुंजं पडतं ही तक्रार खरी आहे आणि ती धसास लागायलाच हवी. पण वर्गणी, अनामत, देवघेव आणि वृत्तपत्रांसाठी सर्वांना खुलं असलेलं मुक्तद्वार वाचनालय, हा संसार लोकांच्याच हाती राहिला. म्हणून गावातल्या शाळेची शताब्दी स्मरणिका, बंद पडलेल्या साप्ताहिकाचे अंक, स्थानिक कवीचा एकुलता एक संग्रह शोधायचा, तर पाय आधी वाचनालयाकडेच वळतात. तिथे नसेल, तर बहुधा रद्दीत गेलेला असतो.

सण म्हणाल तर तोही वाचनालयाचा स्वतःचा आहे. १९०९मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि पुढे वाचनालयांनी त्या प्रथेला आपली जोड दिली: दिवाळी अंक योजना. एकरकमी थोडे पैसे भरायचे आणि एकेक अंक बदलत पुढचे काही महिने वाचत राहायचं. फराळ केव्हाच संपलेला असतो. हव्या त्या अंकासाठी काउंटरवर नंबर लावणं मात्र पुढे कितीतरी दिवस चालू असतं.