सांडपाण्यात सापडलेलं अँटिबायोटिक

सेफॅलेक्सिन, सेफिक्झिम, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन यांपैकी एखादं नाव तुमच्या चिठ्ठीवर कधी तरी आलं असेलच. या घराण्याचा मूळ पुरुष म्हणजे एक बुरशी. १९४५ साली इटलीतल्या सार्डिनिया बेटावर, काल्यारी शहरात, प्रा. ज्युसेप्पे ब्रोत्सू यांना ती समुद्रात सोडलेल्या सांडपाण्यात मिळाली. तिचा अर्क टायफॉइडच्या जंतूंनाही रोखत होता!

पुढे ती ऑक्सफर्डला गेली. तिथे अब्राहम आणि न्यूटन यांनी १९५३ मध्ये तिच्यातून सेफॅलोस्पोरिन सी वेगळं काढलं. औषध तसं दुबळंच. पण पेनिसिलिन फोडणारं जे एन्झाइम स्टॅफिलोकोकस जंतू तेव्हा बनवू लागले होते, त्याला ते दाद देत नव्हतं. म्हणून त्याच्या गाभ्यात बदल करत १९६४ मध्ये सेफॅलोथिनचं इंजेक्शन आलं.

ही औषधं जंतूची भिंत बांधणाऱ्या प्रथिनांनाच जखडतात. भिंत कच्ची राहते, जंतू फुटतो. विषाणूंना अशी भिंतच नसते, त्यामुळे साध्या सर्दीवर उपयोग शून्य.

सेफॅलेक्सिन रक्तात साधारण तासाभरात निम्मं होतं आणि लघवीतून बाहेर पडतं. म्हणून ते दिवसातून अनेकदा घ्यावं लागतं. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन रक्तातल्या प्रथिनांना धरून राहतं. निम्मं व्हायला त्याला आठेक तास लागतात, म्हणून बहुधा दिवसाला एकच इंजेक्शन पुरतं. मधले डोस चुकवले, की जंतू पुन्हा भिंत बांधायला मोकळा.

१९८३ मध्ये जर्मनीत नव्या सेफॅलोस्पोरिनलाही न जुमानणारे जंतू नोंदले गेले. लघवीच्या कल्चर रिपोर्टवर आज ‘ईएसबीएल’ लिहून येतं, ते त्यांच्याच एन्झाइमचं नाव.